न गोठणाऱ्या चुंबकाच्या शोधात

चिलीच्या उत्तरेकडे, सिएरा गोर्दाच्या उजाड मुलखात ‘लोस त्रेस प्रेसिदेन्तेस’ नावाची एक खाण आहे. तिथल्या दगडांत सापडलेल्या एका हिरव्या खनिजाला २००४ साली स्वतंत्र नाव मिळाले: हर्बर्टस्मिथाइट. हर्बर्ट स्मिथ हे ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. तांबे, जस्त, क्लोरीन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन एवढाच त्याचा ऐवज. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तांब्या-पितळेवर जो हिरवट थर चढतो, त्याच कुळातले हे खनिज. तेव्हा खनिजसंग्राहकांपलीकडे त्याची कुणी फारशी दखल घेत नव्हते. आज ते प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवले जाते, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेले जाते, न्यूट्रॉनच्या झोतात ठेवले जाते, आणि त्याच्या मोजमापांवरून नामांकित भौतिकशास्त्रज्ञ एकमेकांशी अजून वाद घालत आहेत. कारण इतकेच, की थंडीत चुंबकाने जे करायला हवे, ते हे खनिज करत नाही.

चुंबकाने काय करायला हवे, ते आधी पाहू. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा अंगभूत गुण असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. तापलेल्या लोखंडात हे स्पिन वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. तापमान ७७० अंश सेल्सिअसच्या खाली आले की ते एका दिशेला वळतात आणि लोखंड चुंबक होते. फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९३०च्या दशकात दुसरी तऱ्हा मांडली: काही पदार्थांत शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट दिशेने लागतात, एक वर, पुढचा खाली, पुन्हा वर. बाहेरून असा पदार्थ चुंबक वाटतच नाही, कारण सगळ्यांची बेरीज शून्य होते. लेव्ह लांदाऊंसारख्या मोठ्या सैद्धांतिकालाही ही रचना प्रत्यक्षात टिकेल की नाही याची शंका होती. अखेर १९४९ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत टाकून ती एकाआड एक रचना थेट दाखवली. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण स्पिन आहे. त्यामुळे तो पदार्थाच्या आत शिरतो आणि तिथल्या स्पिनांची मांडणी बाहेर सांगतो. नेएल यांना १९७० साली नोबेल मिळाले. शल यांना ते मिळायला १९९४ उजाडले, तेही कॅनडाच्या बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासोबत विभागून.

म्हणजे नियम असा: स्पिनांमध्ये परस्परांवर जितका जोर, साधारण तितक्या तापमानाला ते शिस्तीत लागतात. हर्बर्टस्मिथाइटमध्ये तांब्याच्या शेजारशेजारच्या स्पिनांमधला जोर जवळपास २०० केल्विनइतका आहे. उणे सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास कुठेतरी त्यांनी रांगेत यायला हरकत नव्हती. अमेरिकेतील एमआयटीमध्ये यंग ली यांच्या गटाने २००७ मध्ये हा पदार्थ ०.०५ केल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत उतरवला. अपेक्षेच्या चार हजारपट खाली. रांग लागली नाही. त्याच सुमारास फ्रान्समधील फिलिप मेन्देल्स यांच्या गटाने म्युऑन कण वापरून वेगळ्या वाटेने तेच पाहिले.

उष्णतेने स्पिन अस्थिर राहणे ही रोजची गोष्ट आहे. इथे उष्णता उरलेलीच नाही. स्पिन अस्थिर आहेत ते क्वांटम नियमांमुळे, आणि ते एकेकटे भरकटलेलेही नाहीत. सिद्धांताप्रमाणे ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की एका स्पिनची स्वतंत्र दिशा सांगताच येत नाही, संपूर्ण समूहाची अवस्था मात्र नेमकी ठरलेली असते. या अवस्थेला क्वांटम स्पिन द्रव म्हणतात. द्रव म्हटले तरी पदार्थ दगडासारखा घट्टच असतो. अणू जागच्या जागी असतात, वाहतात ते फक्त स्पिन.

या कल्पनेच्या इतिहासात मुंबईचे एक पान आहे, आणि ते मराठी वाचकाला सहसा कुणी दाखवत नाही. १९६९ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. स्पिनांची एक सरळ साखळी घ्या. प्रत्येक स्पिनला शेजारच्याच्या उलट दिशेला वळायचे आहे. पण एक सोडून पुढच्या स्पिनशीही त्याला उलटच व्हायचे आहे, अर्ध्या जोराने. आता पहिला वर, दुसरा खाली असे लावले तर तिसऱ्याने दोघांच्याही उलट कसे व्हायचे? तीन जण, दिशा दोनच. कुणीतरी नाराज राहणार. या अडचणीला आपण कोंडी म्हणू.

मजुमदार आणि घोष यांनी दाखवले, की जोरांचे प्रमाण बरोबर दोनास एक असेल तर साखळी या कोंडीतून मोठ्या सुबक रीतीने सुटते. स्पिन रांगेचा नाद सोडून जोड्या जमवतात. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा. प्रत्येक जोडीत दोघांचे एकूण स्पिन शून्य. जोडीतल्या कुणाला एकट्याला विचारले तर त्याची दिशा ठरलेली नसते, दोघांचा मिळून मात्र हिशेब चोख. चुंबकीय रांग कुठेच नाही, आणि हे उत्तर अंदाजाचे नाही, नेमके आहे. हजारो स्पिनांच्या क्वांटम प्रश्नाचे नेमके उत्तर मिळणे फार दुर्मीळ. त्यामुळे ‘मजुमदार-घोष प्रतिमान’ आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. मजुमदार पुढे कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्राचे संस्थापक संचालक झाले. घोष यांनी पवईच्या आयआयटीत दीर्घकाळ शिकवले.

याच साखळीवरून पुढचा, अधिक विलक्षण मुद्दा समजतो. जोड्या जमवण्याचे मार्ग दोन आहेत: पहिला-दुसरा अशी सुरुवात करता येते, किंवा दुसरा-तिसरा अशी. समजा साखळीच्या डाव्या भागात पहिला मार्ग आहे आणि उजव्या भागात दुसरा. दोन्ही जिथे भेटतात तिथे एक स्पिन बिनजोडीचा उरतो. शेजारची जोडी मोडून त्याने जोडीदार मिळवला, की दोन घरे पुढचा स्पिन एकटा पडतो. म्हणजे एकटेपणच साखळीतून चालत जाते. बी. श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये या फिरत्या एकट्याचे गणित मांडले. साध्या चुंबकात एका स्पिनला धक्का दिला तर एक लहर उठते आणि ती लहर एक पूर्ण एकक स्पिन वाहते. इथे तोच धक्का दोन अर्ध्यांत फुटतो, आणि दोन्ही अर्धे आपापल्या वाटेने निघून जातात. त्यांना स्पिनॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनचे स्पिन स्पिनॉनकडे आहे, विद्युतभार नाही. स्फटिकाबाहेर असा कण कुठेही मिळणार नाही.

मजुमदार-घोष साखळीत जोड्या जागा धरून बसतात, म्हणून तो द्रव नव्हे. जोड्यांनी सतत जागा बदलल्या तर काय, हा प्रश्न अमेरिकेचे फिलिप अँडरसन यांनी १९७३ साली विचारला. बेन्झिनच्या वलयात दुहेरी बंध एका जागी न राहता सगळीकडे पसरलेले असतात, हे लायनस पॉलिंग यांनी आधी समजावले होते. अँडरसन यांनी तीच कल्पना त्रिकोणी जाळीतल्या स्पिनांवर लावली: जोड्या जमवण्याच्या असंख्य पद्धती, आणि पदार्थ एकाच वेळी त्या सगळ्यांत. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते आणि पुढची तेरा-चौदा वर्षे त्याकडे फार कुणी वळले नाही.

१९८६ मध्ये बेडनॉर्त्स आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये उच्च तापमानाची अतिवाहकता सापडली आणि चित्र पालटले. अँडरसन यांनी १९८७ मध्ये सुचवले, की या अतिवाहकतेचे मूळ स्पिनांच्या त्या फिरत्या जोड्यांतच असावे. त्यांच्याबरोबर प्रिन्स्टनला काम करणाऱ्यांत गणपती बास्करन होते, पुढे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत या विषयाची परंपरा उभी करणारे. अतिवाहकतेचा तो प्रश्न अजून मिटलेला नाही. अँडरसन यांनी १९७३ मध्ये घेतलेले उदाहरणही टिकले नाही: साध्या त्रिकोणी जाळीतले स्पिन परस्परांशी १२० अंशांचा कोन करून रांगेत लागतात, असे संगणकी गणिताने पुढे दाखवले. उदाहरण गेले, पण कल्पना इतकी सकस होती की तिला शोभेल असा पदार्थ शोधण्यात दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

त्रिकोणी जाळीपेक्षाही जास्त कोंडी करणारी एक जाळी आहे. बुरूडाने विणलेली जाळीदार टोपली हातात घेतली तर तिच्यात षटकोनी भोके दिसतात आणि प्रत्येक भोकाभोवती लहान त्रिकोण. पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे तांब्याचा एकेक अणू ठेवा. जपानी टोपल्यांच्या विणीवरून भौतिकशास्त्रात हिला कागोमे जाळी म्हणतात. इथले त्रिकोण फक्त कोपऱ्यांना जोडलेले आहेत, त्यामुळे एका त्रिकोणाने काही निर्णय घेतला तरी शेजारच्यावर त्याचे बंधन फारसे येत नाही. रांग लागायला आवश्यक असलेली सक्तीच सैल पडते. हर्बर्टस्मिथाइटमध्ये तांब्याचे थर नेमके याच विणीचे आहेत, आणि दोन थरांमध्ये जस्त. जस्ताला चुंबकीय स्पिन नाही. म्हणून प्रत्येक थर वरच्या-खालच्यापासून वेगळा पडतो. सैद्धांतिकाने कागदावर काढलेले चित्र निसर्गाने दगडात उतरवले होते.

पण खाणीतला दगड प्रयोगाला चालत नाही. त्यात काय काय मिसळलेले असेल, सांगता येत नाही. २००५ मध्ये एमआयटीतच डॅनियल नोसेरा यांच्या रसायनशास्त्रज्ञ गटाने हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला, पण भुकटीच्या रूपात. भुकटीत असंख्य बारीक कण वाटेल त्या दिशेला पडलेले असतात, त्यामुळे दिशेनुसार काय घडते हे झाकले जाते. एकसंध मोठा स्फटिक हवा होता.

तो कसा केला, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. क्वार्ट्झच्या जाड नळीत कच्चा माल आणि पाणी भरायचे, नळी वितळवून बंद करायची आणि आडवी भट्टीत ठेवायची. भट्टीचे एक टोक किंचित जास्त गरम, दुसरे किंचित कमी. गरम टोकाला भुकटी अगदी थोडी विरघळते, पाण्यातून सरकत थंड टोकाला येते आणि तिथे कणाकणाने बसते. घाई केली तर स्फटिक एक न होता शेकडो होतात. तापमान ढळले तर वाढलेलेही बिघडते. मोठा, शुद्ध स्फटिक मिळायला दहा महिने लागले. इतक्या खटाटोपातून हाती आला तो सुमारे सात मिलिमीटर लांबीचा, ०.२ ग्रॅम वजनाचा तुकडा. न्यूट्रॉनच्या प्रयोगासाठी साधे पाणीही चालत नव्हते, कारण हायड्रोजन न्यूट्रॉनला सगळीकडे उधळून देतो आणि खरा संकेत बुडतो. म्हणून हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले स्फटिक करावे लागले, आणि असे अनेक स्फटिक एकाच दिशेला तोंड करून बसवावे लागले.

त्या स्फटिकांवरचा निष्कर्ष डिसेंबर २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पहिले नाव होते तिआनहेंग हान यांचे. साध्या चुंबकावर न्यूट्रॉन आपटला की एक लहर उठते, आणि विशिष्ट दिशेला, विशिष्ट ऊर्जेला ठळक रेघ मिळते. हर्बर्टस्मिथाइटमध्ये रेघ नव्हती. ऊर्जेच्या मोठ्या पल्ल्यावर पसरलेला, सलग उजेड होता. धक्का दोन स्पिनॉनमध्ये फुटत असेल आणि दोघे ऊर्जा हवी तशी वाटून घेत असतील, तर नेमके असेच दिसायला हवे. मला विचाराल तर या संपूर्ण शोधातले सर्वांत सुंदर मोजमाप हेच.

अडचण आली ती जस्ताच्या बाजूने. तांबे आणि जस्त यांच्या आयनांचा आकार जवळजवळ सारखा. स्फटिक वाढताना जस्ताच्या काही जागांवर तांबे जाऊन बसते. मोजले तेव्हा ते प्रमाण जस्ताच्या जागांपैकी सुमारे १५ टक्के निघाले. थरांच्या मधल्या या उपऱ्या तांब्याला स्पिन असते, आणि अगदी कमी ऊर्जेला त्याचाच आवाज मोठा होतो. सिद्धांताचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्नही तिथेच आहे: या द्रवाला ढवळायला किमान काही ऊर्जा लागते, की कितीही कमी ऊर्जेने तो ढवळतो? पहिले असेल तर हा एका जातीचा द्रव, दुसरे असेल तर वेगळ्याच जातीचा. २०१५ मध्ये ताकाशी इमाई आणि यंग ली यांच्या गटांनी ऑक्सिजनच्या केंद्रकांचा अनुनाद मोजून सांगितले, की किमान ऊर्जा लागते. २०२० मध्ये मद्रास आयआयटीचे पंचानन खुंटिया आणि फ्रेंच सहकाऱ्यांनी तसाच अनुनाद वापरून, उपऱ्या तांब्याचा संकेत वेगळा काढून सांगितले, की लागत नाही. पुढच्याच वर्षी इमाई यांच्या गटाने चित्र आणखी बदलले: किमान ऊर्जा सगळीकडे एकसारखी नाही, काही जागी आहे आणि काही जागी नाही. एकच पदार्थ, एकाच प्रकारचे मोजमाप, दोन्ही बाजूंना कसलेली माणसे. वाद आहे तो शेवटी स्फटिकातल्या दोषांचा हिशेब कसा करायचा याचा.

दोषांना किती गांभीर्याने घ्यायचे, याचा धडा दुसऱ्या एका पदार्थाने दिला. यटर्बियम, मॅग्नेशियम, गॅलियम आणि ऑक्सिजन यांचा हा स्फटिक २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी पुढे आणला. यटर्बियमची नितळ त्रिकोणी जाळी, मोठे स्फटिक करायला तुलनेने सोपे, चुंबकीय रांग नाही. २०१६ मध्ये न्यूट्रॉनचा पसरलेला उजेडही दिसला. सगळ्या खुणा जुळल्या. पण त्याच वर्षी उष्णतावहन मोजले गेले आणि तिथे स्पिनॉनचा मागमूस नव्हता. फिरणारे कण असतील तर त्यांनी उष्णता वाहायला नको का?

मग नजर गेली ती मॅग्नेशियम आणि गॅलियमकडे. दोघेही चुंबकीय नाहीत, म्हणून आधी कुणी त्यांची फिकीर केली नव्हती. पण स्फटिकात ते एकाच प्रकारच्या जागांवर सरमिसळ बसतात, आणि त्यांचे विद्युतभार वेगवेगळे असल्याने शेजारच्या प्रत्येक यटर्बियमची परिस्थिती थोडी थोडी बदलते. २०१७ मध्ये झू, माक्सिमोव्ह, व्हाइट आणि चेर्निशेव्ह यांनी गणिताने दाखवले, की अशा अव्यवस्थेतून स्पिन द्रवाची हुबेहूब नक्कल तयार होऊ शकते. एका भागातले स्पिन एका दिशेच्या पट्ट्यांत लागतात, दुसऱ्या भागातले दुसऱ्या. सगळ्यांची सरासरी काढली की न्यूट्रॉनला पसरलेला उजेड दिसतो. वर्षभरातच, स्पिन खरोखर वेडेवाकडे गोठतात, त्यांची स्पिन काच होते, असा प्रायोगिक पुरावाही आला. क्वांटम गुंतागुंत समजून ज्याचे स्वागत झाले, तो बराचसा साधा गोंधळ असण्याची शक्यता उभी राहिली.

सेंद्रिय स्फटिकांची कथा याहून लांब. टोकियोच्या काझुशी कानोदा यांच्या गटाने २००३ मध्ये असा एक स्फटिक ०.०३२ केल्विनपर्यंत रांगेविना नेला. स्पिन द्रवाचा पहिला खरा उमेदवार म्हणून तो अठरा वर्षे मिरवला. २०२१ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या मार्टिन ड्रेसेल यांच्या गटाने दाखवले, की सहा केल्विनच्या आसपास त्यातले स्पिन जोड्या करून थांबतात. दुसऱ्या एका सेंद्रिय स्फटिकात २०१० मध्ये स्पिनॉन उष्णता वाहताना दिसले होते. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांना ते वहन सापडलेच नाही.

या माघारींकडे पाहून काही जण नाक मुरडतात. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. स्पिन द्रवाची मूळ व्याख्या नकाराची आहे: रांग नाही, गोठणे नाही, ठळक रेघ नाही. नकार सिद्ध करायचा तर त्याची दुसरी सगळी कारणे एकेक करून मोडावी लागतात, आणि ते काम २०१६ नंतर ज्या कसोशीने झाले, तसे त्याआधी होत नव्हते. आज नवा उमेदवार आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो स्फटिकाचा: कुठल्या जागी कुठला अणू आहे, आणि खात्री कशी केली?

हाच प्रश्न मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीतही आडवा आला. २००६ मध्ये अलेक्सेई किताएव्ह यांनी असे एक प्रतिमान सोडवले, की ज्यात स्पिन द्रव हेच नेमके उत्तर येते. अंदाज नाही, शंका नाही. त्यातले कण क्वांटम संगणकासाठी वापरता येतील अशी आशाही त्यातून निर्माण झाली, कारण त्यांच्यात साठवलेली माहिती स्थानिक धक्क्याने पुसली जात नाही. चेन्नईत बास्करन, सप्तर्षी मंडल आणि आर. शंकर यांनी २००७ मध्ये या प्रतिमानात स्पिन कसा फुटतो, त्याचे नेमके गणित दिले. मग प्रत्यक्ष पदार्थांचा शोध सुरू झाला. जॅकेली आणि खलिउलिन यांनी २००९ मध्ये इरिडियमसारख्या जड धातूंकडे बोट दाखवले. सोडियम इरिडेट हा त्यातला पहिला, त्यावर २०१० मध्ये योगेश सिंह आणि फिलिप गेगेनवार्ट यांनी काम केले. पंधरा केल्विनला त्याची रांग लागली. मोहाली आयसरमध्ये सिंह यांनी हे काम पुढे चालू ठेवले.

सध्या सर्वाधिक चर्चेत आहे ते रुथेनियम क्लोराइड, काळ्या चकचकीत पापुद्र्यांचा पदार्थ. सात केल्विनला यातही रांग लागते, पण सुमारे आठ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ती मोडते. तिथे २०१८ मध्ये क्योतोच्या युजी मात्सुदा यांच्या गटाने उष्णतेच्या आडव्या प्रवाहाचे मोजमाप केले आणि किताएव्हच्या सिद्धांताला हवा असलेला, क्वांटम एककाच्या बरोबर अर्धा आकडा मिळाल्याचे जाहीर केले. इतर प्रयोगशाळांना तो अर्धा आकडा सारखेपणाने मिळत नाही. काहींच्या मते आडवी जाणारी उष्णता स्फटिकाच्या साध्या कंपनांचीच आहे. आणि पापुद्रे इतके नाजूक, की स्फटिक हाताळताना जरा वाकला तर थरांची रचना घसरते, आणि सात केल्विनऐवजी चौदा केल्विनला नवेच स्थित्यंतर दिसू लागते. चिमट्याने कसे उचलले यावर निष्कर्ष अवलंबून असलेले हे क्षेत्र आहे.

मुंबईही यात मागे नाही. पवईच्या आयआयटीत अविनाश महाजन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बेरियम, इरिडियम आणि टायटॅनियमच्या एका ऑक्साइडमध्ये स्पिन द्रवासारखे वर्तन नोंदवले. तिथेही इरिडियम आणि टायटॅनियमची जागांची अदलाबदल होतेच. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तर न्यूट्रॉनचे काम अप्सरा अणुभट्टीच्या दिवसांपासूनचे. १९५६ साली अप्सरा सुरू झाली, आणि पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार यांनी त्याच दशकात कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून ती विद्या इकडे आणली. १९८५ मध्ये ध्रुव अणुभट्टी सुरू झाली, आणि विद्यापीठांतले संशोधकही तिथे आपले नमुने घेऊन जातात.

स्फटिकांचा हा सगळा त्रास टाळण्याचाही एक प्रयत्न झाला. २०२१ मध्ये हार्वर्डच्या मिखाईल लुकिन यांच्या गटाने लेझरच्या चिमट्यांनी २१९ अणू निर्वातात नेमक्या जागी धरले आणि त्यांच्यात स्पिन द्रवाच्या खुणा दाखवल्या. दोष नाहीत, उपरे अणू नाहीत. काम अप्रतिम आहे. तरी ती अवस्था क्षणभर टिकते आणि माणसाने उभी करावी लागते. खनिजातला प्रश्न वेगळा आहे: निसर्गात, कुणी हात न लावता, असा द्रव असतो का?

आजचा माझा निवाडा असा: हर्बर्टस्मिथाइट आणि त्याचा जस्त मिसळलेला चुलतभाऊ बार्लोवाइट हे सर्वांत भक्कम उमेदवार आहेत, आणि सिद्ध झालेला एकही नाही. पुढचा निर्णायक टप्पा नव्या सिद्धांताने येण्यापेक्षा अधिक शुद्ध स्फटिकाने येईल. म्हणून आपल्याकडच्या निधी देणाऱ्या यंत्रणांना सांगावेसे वाटते, की स्फटिक वाढवणाऱ्याला मदतनीस समजू नका. तीन वर्षांच्या प्रकल्पात दहा महिने एका नळीसाठी द्यायची ज्याची तयारी आहे, त्याला ते दहा महिने मिळाले पाहिजेत, आणि हाती काही लागले नाही तरी दुसरी नळी लावायची मुभाही.

आणि ज्यांच्या घरी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. मजुमदार-घोष साखळीचे उत्तर तीन स्पिनांच्या गणितावरून पडताळता येते. लागोपाठच्या कोणत्याही तीन स्पिनांत एक जोडी असतेच, म्हणून तिघांचे मिळून स्पिन अर्धेच राहते, आणि ऊर्जा त्याहून खाली जाऊच शकत नाही. संगणक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, वहीचे एक पान पुरते. या दिवाळीच्या सुट्टीत ते करून पाहावे.